मेल सपोर्टचं काम: कोणतं ट्रेनिंग, कोणतं सर्टिफिकेट? सोलापुरातून येणारे नेहमीचे प्रश्न

बारावीचा नाहीतर बीसीएचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. ‘सर, आउटलुकचा कोर्स करू का नेटवर्किंगचा?’ गेली सतरा वर्षं मी इथल्या कारखान्यांच्या, सीएंच्या, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ऑफिसांत कॉम्प्युटर बघतो, आणि त्यातलं निम्मं काम मेलचं असतं. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. माझा क्लास नाही, आणि कुणाच्या क्लासचं कमिशनही मला मिळत नाही.

मेल तर सगळेच वापरतात. सपोर्टसाठी वेगळं काय शिकायचं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टॉवेलचं एक ऑफिस. सोमवार, सकाळचे साडेदहा. एक्स्पोर्ट बघणाऱ्या मॅडमचा फोन: ‘सर, मेल बंद पडलाय.’ बस, एवढंच.

या तीन शब्दांच्या पोटात काय काय असू शकतं बघा. आउटलुकमधलं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्राममधलं, ‘वर्क ऑफलाइन’ चुकून दाबलं गेलं असेल. मोबाइलवर पासवर्ड बदलला आणि कॉम्प्युटरला जुनाच माहीत असेल. पीएसटी, म्हणजे कॉम्प्युटरवर मेल साठवणारी आउटलुकची फाइल, भरत आली असेल. आउटलुक २०१० पासून तिची ठरलेली मर्यादा ५० जीबी आहे. सर्व्हरवरचा मेलबॉक्स भरला असेल, म्हणजे पाठवणाऱ्याला मेल परत जातोय आणि इथे कुणाला पत्ताच नाही. किंवा मेल येतोय, पण कधीतरी बनवलेला एखादा रूल (मेल आपोआप हलवणारा नियम) तो भलत्याच फोल्डरमध्ये टाकतोय.

मी मॅडमना म्हटलं, खिडकीच्या तळाच्या पट्टीवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाचा. त्या दिवशी शनिवारी संध्याकाळपासून आउटबॉक्समध्ये ३८ एमबीचा एक मेल अडकून बसला होता, शेड कार्डच्या, म्हणजे रंगांच्या नमुन्यांच्या, फोटोंचा. त्याच्यामागे सहा मेल रांगेत. ‘वर्क ऑफलाइन’ चालू करायला लावलं, आउटलुक बंद करून उघडलं, तो जाडा मेल ड्राफ्ट्समध्ये ओढला, पुन्हा ऑनलाइन. सहाही मेल एका दमात गेले. फोटो ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवली.

आता गंमत अशी की मॅडमना आउटलुक माझ्यापेक्षा छान येतं. कॅलेंडर, रंगीत कॅटेगरी, सगळं. एसटी चालवणारा वेगळा आणि डेपोत इंजिन उघडणारा वेगळा, तसं आहे हे. खालच्या प्रत्येक उत्तरात हाच फरक येणार आहे, कारण बहुतेकांचे पैसे इथेच चुकतात. शिकायचं असतं डेपोचं काम, आणि कोर्स निवडतात ड्रायव्हिंगचा.

एमएस-सीआयटी झालंय. पुरेल का?

सरकारी नोकरीच्या बऱ्याच अर्जांना ते लागतं, त्यामुळे झालं ते बरंच झालं. एमकेसीएलने २००१ पासून हा कोर्स गावोगावी पोचवला आणि माउस धरायची भीती घालवली. पण तो वापरणाऱ्यासाठी आहे. सपोर्टच्या मुलाखतीत त्याला कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

आउटलुकचंच मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेट असतं म्हणे. तेच करू?

तुम्ही म्हणताय ते मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्पेशालिस्ट, म्हणजे एमओएस. त्यात आउटलुकचा वेगळा पेपर आहे. ऑफिस २०१९ च्या आवृत्तीचा कोड एमओ-४००. परीक्षा ५० मिनिटांची आणि चांगली आहे. पर्याय निवडायचे नसतात, सांगितलेलं काम प्रत्यक्ष करून दाखवायचं असतं: मीटिंग लावा, सही जोडा.

पण हा ड्रायव्हिंगचा पेपर. रिसेप्शन, ऑफिस असिस्टंट, साहेबांचं कॅलेंडर सांभाळणं किंवा क्लासमध्ये शिकवणं यासाठी घ्या. प्रोफाइल बिघडलं, पासवर्डची खिडकी पुन्हापुन्हा येतेय, सर्व्हर नाव ओळखत नाही, यातलं काहीही त्यात येत नाही. आधी कंपनी कुठली आवृत्ती वापरते आणि तो पेपर सध्या चालू आहे का, हेही बघा.

मग सुरुवात कशाने करू?

परीक्षेने करू नका. मायक्रोसॉफ्ट लर्नवर मायक्रोसॉफ्ट ३६५ चं सगळं साहित्य फुकट आहे, सराव चाचण्याही फुकट. दोन महिने रोज तासभर द्या. हे काम आपल्याला जमतंय का, आवडतंय का, ते तेवढ्यात कळतं.

मग कॉम्पटिया या संस्थेचं ए प्लस, कॉम्प्युटर सपोर्टचं पायाभूत सर्टिफिकेट. यात दोन पेपर असतात, प्रत्येकी ९० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. पहिला ६७५ आणि दुसरा ७०० गुणांवर सुटतो, दोन्ही ९०० पैकी. मार्च २०२५ मध्ये नवी मालिका आली, २२०-१२०१ आणि २२०-१२०२. क्लासवाला अजून जुन्या ११०१ च्या नोट्स देत असेल तर तिथूनच मागे फिरा. ए प्लसमध्ये मेल हा छोटासाच भाग आहे, पण मेलच्या खाली जे असतं ते सगळं येतं: विंडोज, नेटवर्क, पोर्ट, प्रिंटर, व्हायरस आणि माणसाशी बोलायचं कसं. दहातल्या सहा ‘मेलच्या’ तक्रारी शेवटी मेलच्या निघत नाहीत, असा माझा अंदाज.

माझं स्पष्ट मत सांगतो. ए प्लसचा अभ्यासक्रम या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलाने पुरा करावा, पण परीक्षा प्रत्येकाने द्यायची गरज नाही. दोन पेपरांची फी जड आहे. पुण्यातल्या किंवा बाहेरदेशी ग्राहक असलेल्या कंपनीत जायचं असेल तर द्या, तिथे चाळणीत नाव टिकतं. सोलापुरातच राहायचं असेल तर त्या पैशांत जुना लॅपटॉप आणि स्वतःचं एक डोमेन (इंटरनेटवरचं नाव) घ्या.

मोठ्या कंपनीच्या हेल्पडेस्कवर आयटीआयएल फाउंडेशनही मागतात. ६० मिनिटं, ४० प्रश्न, २६ बरोबर आले की पास. त्यात कॉम्प्युटरचं काहीच नाही. तक्रार कशी नोंदवायची, कोणती आधी घ्यायची, वर कधी पाठवायची, एवढंच. कंटाळवाणं आहे, पण काम त्याच शब्दांत चालतं.

एमडी-१०२ आणि एमएस-१०२ हे मायक्रोसॉफ्टचे ॲडमिनचे, म्हणजे अख्ख्या ऑफिसची खाती आणि कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याचे, पेपर. नोकरीत वर्षभर घासल्याशिवाय त्यांच्या नादी लागू नका. आणि मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठीचा एमएस-२०३ मायक्रोसॉफ्टने बंद केलाय, तरी त्याच्या जाहिराती दिसतात.

आमच्याकडे कुठे आउटलुक? सगळीकडे जीमेलच दिसतं.

बरोबर प्रश्न. उत्तर अंदाजाने देऊ नका, मोजा. ज्या ऑफिसांत नोकरी मिळावीशी वाटते अशा दहा-पंधरांची यादी करा. नवी पेठेतले सीए, चिंचोळीतले कारखाने, दवाखाने, पुण्यातल्या दोन-चार कंपन्या, काहीही. त्यांच्या मेल पत्त्यातलं ‘ॲट’च्या पुढचं नाव घ्या आणि त्याचा एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे त्या नावाचा मेल कुठल्या सर्व्हरवर जातो ती नोंद, बघा. विंडोजच्या कमांड खिडकीत ‘एनएसलुकअप’ने तो दिसतो, किंवा एमएक्स शोधणाऱ्या कुठल्याही साइटवर. ही माहिती सगळ्या जगाला उघडी असते, चोरी नाही. उत्तरात गूगल दिसलं तर गूगल वर्कस्पेस, आउटलुक दिसलं तर मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो दिसलं तर झोहो. कंपनीचंच नाव किंवा होस्टिंगवाल्याचं नाव आलं तर बहुधा वेबसाइटसोबत आलेला स्वस्तातला मेल.

पंधरा नावांसमोर पंधरा खुणा केल्या की कोर्स आपोआप ठरतो. गूगलकडे कल असेल तर कोर्सेरावरचं गूगल आयटी सपोर्ट सर्टिफिकेट घ्या. ते २०१८ पासून आहे, मुळापासून शिकवतं, पदवी मागत नाही.

मात्र एक लक्षात ठेवा. सर्व्हर गूगलचा असला तरी टेबलावर आउटलुक असू शकतं. मालकांना वीस वर्षांची सवय असते, ती सुटत नाही. मग मेल आणायच्या दोन पद्धतींचे, आयमॅप ९९३ आणि पॉप ९९५, आणि पाठवायला ४६५ किंवा ५८७, हे पोर्टचे आकडे झोपेतही आठवले पाहिजेत. आणि टॅलीमधून बिल मेल होत नाही म्हणून अकाउंटंट अडून बसला, तर तिथे जीमेलचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही, टू-स्टेप चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो, हे माहीत हवं. मार्चअखेरीस हे एवढं जरी आलं तरी चहा नक्की.

जुनी आउटलुक शिकू की नवी?

दोन्ही. मायक्रोसॉफ्टने क्लासिक आउटलुकला किमान २०२९ पर्यंत आधार द्यायचं कबूल केलंय, म्हणजे ती टेबलावरून इतक्यात हलत नाही. नव्या आउटलुकमध्ये कॉम प्रकारचे जुने ॲड-इन (आउटलुकला जोडलेले छोटे जादा प्रोग्राम) चालत नाहीत, आणि कोपऱ्यातलं ‘न्यू आउटलुक’चं बटण चुकून सरकलं की माणूस घाबरून फोन करतो: ‘माझे सगळे जुने मेल गेले!’ गेलेले नसतात. पीएसटीतले फोल्डर नव्या खिडकीत समोर दिसत नाहीत, इतकंच. बटण मागे सरकवायचं.

ऑफिस २०१६ आणि २०१९, विंडोज १० आणि मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर एक्स्चेंज २०१६-२०१९, सगळ्यांचा आधार एकाच दिवशी संपला, १४ ऑक्टोबर २०२५ ला. आपल्याकडे ही यंत्रं अजून सुखाने चालू आहेत. त्यामुळे जुनं सोडून चालणार नाही, आणि ‘हे बदला’ असं मालकाला सांगायची तयारीही ठेवायला हवी.

चांगला क्लास ओळखायचा कसा?

आधी माझी फजिती ऐका. २०१० च्या सुमाराला मी एका क्लासला वर्षाची फी एकरकमी भरली, तीही उसनी. बोर्डावर डेस्कटॉप सपोर्ट टेक्निशियन असं भारदस्त नाव. शिकवलं सगळं एक्सपीचं, आणि बाहेर ऑफिसांत विंडोज ७ यायला लागलेलं. ‘परीक्षा कधी?’ विचारलं की ‘बघू की’. शेवटी हातात पडलं ते त्यांच्याच प्रिंटरवर छापलेलं, सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट. ते अजून आहे माझ्याकडे, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पोर्टचे आकडे लिहिलेत.

म्हणून आता कुणी विचारलं की सांगतो, पैसे भरण्याआधी एक तास क्लासमध्ये बसू द्या म्हणा. ॲडमिन सेंटर स्लाइडवर दाखवतात की खरं उघडतात ते बघा. विद्यार्थ्याला स्वतःचा ट्रायल मेलबॉक्स मिळतो का, मुद्दाम बिघाड करून दुरुस्त करायला लावतात का, हे विचारा. सर्टिफिकेट कुणाच्या नावाचं, परीक्षेचा कोड काय आणि फीमध्ये परीक्षेचं व्हाउचर धरलंय का, हे लेखी घ्या. तो कोड परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या पानावर चालू दिसतो का, ते तिथेच मोबाइलवर बघा, मास्तर रागावले तरी चालेल. ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’ लिहिलेलं असेल तर मात्र काहीच विचारू नका, जिना उतरा.

डंप, म्हणजे परीक्षेतले फोडलेले प्रश्न-उत्तरं, पाठ करून पास होता येतं ना?

होता येतं. पकडलं तर निकाल रद्द आणि पुढची दारं बंद. नाही पकडलं तरी मुलाखतीत दुसऱ्या मिनिटाला उघडं पडतं.

मराठी माध्यम आहे, इंग्रजी कच्चं. जमेल का?

परीक्षा मराठीत नाही, एरर मराठीत येत नाही आणि तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, काय केलं तेही इंग्रजीत लिहावं लागतं. पण हे इंग्रजी मर्यादित आहे. दोनशे-अडीचशे शब्द आणि वीसेक वाक्यांचे साचे. रोज एक एरर वहीत उतरवा, खाली तिचा अर्थ मराठीत. सहा महिन्यांत भीती जाते.

उलट बाजू कुणी सांगत नाही. सोलापूरचं पोरगं घरात तेलुगू किंवा कन्नड बोलतं, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. हैदराबादच्या डेपोचा माणूस, विजापूरचा एजंट आणि मुंबईचा साहेब, तिघांचे फोन एकट्याने घेणारा हेल्पडेस्कला दुसरीकडे सहज मिळत नाही. बायोडेटात भाषा शेवटच्या ओळीत लपवू नका, वर घ्या.

आणि मराठी मेलचाच एक बिघाड आहे, तो कुठल्याच परदेशी अभ्यासक्रमात सापडणार नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र मेलमध्ये चिकटवून पाठवलं की समोरच्याला चिन्हांचा चिवडा दिसतो. साहेब म्हणतात व्हायरस आला. व्हायरस नसतो. फॉन्ट युनिकोड नसतो आणि समोरच्याकडे तो बसवलेला नसतो. मजकूर युनिकोडमध्ये बदलायचा, फार घाई असेल तर पीडीएफ करून जोडायचा. शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायतींचं काम करणार असाल तर हे पहिल्या आठवड्यातच लागेल.

घरी सराव कसा करू?

दोन मेल खाती, ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आणि एक वही. मग मुद्दाम बिघडवा. पोर्टचा आकडा चुकवा आणि कोणती एरर येते ते लिहा. साहेबाच्या नावाचे मेल डिलीटेड फोल्डरमध्ये टाकणारा रूल बनवा आणि आठवड्याने, विसरल्यावर, तो शोधा. पॉप खातं जोडून ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ची खूण काढा, मग मोबाइलवरून मेल कुठे गेले ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कंट्रोल दाबून ठेवून आउटलुक उघडा, सेफ मोडबद्दल विचारेल. ॲड-इनचा दोष असा धरता येतो. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘मेल’मधून नवं प्रोफाइल बनवा. पीएसटीची प्रत काढून त्या प्रतीवर स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचं टूल चालवा.

प्रतीवर म्हणालो, ते पुन्हा वाचा. सुरुवातीच्या दिवसांत मी एका दुकानदाराचा कॉम्प्युटर फॉरमॅट केला. डेस्कटॉप घेतला, डॉक्युमेंट्स घेतले, दोनदा तपासलं. आउटलुक २००७ ची पीएसटी मात्र तिथे नसायचीच, ती लपवलेल्या फोल्डरमध्ये असायची. चार वर्षांचे मेल गेले. शेठ ओरडले नाहीत, नुसते ‘असू दे’ म्हणाले, आणि ते जास्त लागलं. तेव्हापासून फॉरमॅटच्या आधी मी अख्ख्या डिस्कवर पीएसटी शोधतो, फोल्डर कुठलाही असो.

परीक्षा सोलापुरात, घरून देता येते का?

मायक्रोसॉफ्टची आणि कॉम्पटियाची पिअर्सन व्ह्यूमार्फत घरून देता येते. खोलीत एकटे, टेबल रिकामं, कॅमेरा चालू. कुणी आत आलं की परीक्षा थांबू शकते, ओठ हलवून प्रश्न वाचलात तरी टोकतात. एकत्र कुटुंबात हे सोपं नाही. आजीला आधी समजावून सांगा आणि दाराला आतून कडी लावा. इन्व्हर्टर असला तरी राउटर त्याच्यावर आहे का ते बघा. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, लग्नसराई, गल्लीतली मिरवणूक, या तारखा टाळा. घरी जमणारच नसेल तर हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन केंद्रावर द्या, डोकं शांत राहतं.

नाव नोंदवताना ओळखपत्रावर आहे अगदी तसंच. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव मधे, तिसऱ्यावर ते गायब. नाव जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि फीही जाते.

सर्टिफिकेट किती वर्षं चालतं?

मायक्रोसॉफ्टची फंडामेंटल्स, म्हणजे सुरुवातीची, पातळी संपत नाही. त्यावरची असोसिएट पातळी एक वर्ष, पण मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत ऑनलाइन चाचणी देऊन फुकटात वाढवता येते. विसरलात तर पुन्हा पूर्ण परीक्षा. ए प्लस तीन वर्षं.

माझं वय ३८, बारा वर्षं अकाउंट्सला आहे. आता हे शिकून उपयोग?

तुम्हाला टेबलाच्या त्या बाजूचा वैताग माहीत आहे. बावीस वर्षांच्या पोराला जीएसटीच्या तारखेला मेल अडकणं म्हणजे काय ते कळत नाही. तुम्ही ए प्लस सोडा, थेट गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ चं ॲडमिन शिका आणि आहात त्याच ऑफिसचा मेल आधी हातात घ्या.

मी मालक आहे. बाराजणांचं ऑफिस. एका मुलाला कोर्सला पाठवू?

ॲडमिनच्या परीक्षेला पाठवू नका, तो पास होऊन पुण्याला जाईल. (गेला तर आनंदाने जाऊ द्या, ते वेगळं.) तुम्हाला हवंय ते दोन दिवसांचं, तुमच्याच ऑफिसात बसून दिलेलं शिक्षण. नवं खातं काढणं, सोडून गेलेल्याचं बंद करणं, बॅकअप, आणि फसवणूक ओळखणं.

शेवटचं सगळ्यात महाग पडतं. पार्टीच्या नावाने मेल येतो: ‘आमचं बँक खातं बदललंय, या बिलाचे पैसे नव्या खात्यात टाका.’ पत्ता हुबेहूब, एक अक्षर इकडचं तिकडे. ऑफिसचा एकच नियम करा, खातं बदलायचं असेल तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करूनच बदलायचं, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, साहेबांची परवानगी घेत बसू नका.

आयटीआयचं कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स) केलंय. पदवी नाही म्हणून अडेल?

छोट्या ऑफिसांत नाही. मोठ्या कंपन्यांच्या अर्जात अडतं, म्हणून कमवता कमवता बाहेरून पदवी करा.

मुलाखतीत काय विचारतात?

मी स्वतः मुलं घेतो तेव्हा एकच विचारतो: ‘मी मेल पाठवला, समोरच्याला मिळाला नाही. काय करशील?’ निम्मी मुलं लगेच म्हणतात, आउटलुक रिइन्स्टॉल करीन. मागे कुंभारीहून एक मुलगी आली होती, सर्टिफिकेट एकही नाही. ती म्हणाली, ‘सर, तो मेल आत्ता आउटबॉक्समध्ये आहे का सेंटमध्ये? आउटबॉक्समध्ये असेल तर दोष आपल्याकडे. सेंटमध्ये असेल तर परत आलेला एखादा मेल दिसतोय का बघते, पत्ता एकेक अक्षर तपासते, मग त्यांना स्पॅम बघायला सांगते.’ मी विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, वडील पतसंस्थेत आहेत, त्यांचा मेल घरी मीच बघते. दुसऱ्या दिवसापासून या म्हटलं.